जोडीतला दुसरा पेला

कोल्चानी,
१९ जानेवारी २०२५

एवारिस्तो,

पत्र फाडू नकोस. फोनवर तू माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ठेवून देतोस, म्हणून हे सिप्रियानोकाकांच्या हाती पाठवतेय. तसाही त्यांचा ट्रक माल घेऊन सीमेपलीकडे तुमच्या आंतोफागास्ताच्या बंदरावर येतोच. त्यांना दारातून परत पाठवू नकोस, काहीतरी गरम खायला घाल.

तुला घरी बोलवायला लिहीत नाहीये, घाबरू नकोस. एक बातमी आहे, ती माझ्याकडून कळावी एवढंच. गावातल्या दुसऱ्या कुणी सांगितली असती तर तू त्याला वेड्यात काढलं असतंस.

तातांनी विजेचा ट्रक घेतलाय.

इथे थोडी जागा सोडतेय, तुझं हसून होईपर्यंत.

झालं? आता ऐक. तांबडीला, आपल्या जुन्या ट्रकला, घेऊन ताता उयुनीला डिझेलच्या रांगेत उभे होते. आपल्याकडे हल्ली डिझेलची काय बोंब आहे ते सिप्रियानोकाका सांगतीलच. लोक रांगेतच चुली मांडतात, रांगेतच सोयरिकी ठरवतात. ताता केबिनमध्ये झोपले, केबिनमध्ये जेवले, आणि अखेर नंबर आला तेव्हा पंपवाल्याने त्यांच्या नाकासमोर साखळी लावली. ते एक शब्द बोलले नाहीत. म्हातारा ओरडतो तोवर काळजी नसते, गप्प झाला की मला धडकी भरते. घरी आले, सूप प्यायले, तांबडी विकली आणि बसने कोचाबांबाला गेले. परत आले ते या पिटुकल्या पांढऱ्या गाडीसह.

हेच आपले वडील, एवारिस्तो. नऊ वर्षांपूर्वी तू सीमेपलीकडे लिथियमच्या तळ्यांवर नोकरी धरलीस, तेव्हा अंगणात उभं राहून ते काय म्हणाले ते मला पाठ आहे आणि तुलाही. "आपल्या पायाखालचं पाणी पलीकडून शोषणाऱ्यांच्या पंगतीला बसलास. आता ती पांढरी भुकटीच खा आणि तिथेच राहा." आणि तू काय म्हणालास? "खरवडत बसा मीठ जन्मभर. उद्या जग याच भुकटीवर गाड्या चालवणार आहे." त्यानंतर तुम्ही दोघं जी मिठाची गुळणी धरून बसलात ती आजपर्यंत.

तर भुकटीवरची गाडी दारात उभी आहे, बाबा. तू जिंकलास, पण हे मी मोठ्याने बोलत नाही, कारण मला या घरात राहायचंय.

गाडीला आवाज नाही. कोंबड्या हलत नाहीत, कुत्री भुंकत नाहीत. सेबास्तियाना आत्याच्या मागे ती येऊन थांबली तरी तिला पत्ता नाही. वळून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही जिवंत आहे की मेलेली?"

गिरणीत मिठाची पोती छताला लागलीत. पण कार्निव्हलच्या मंगळवारी रीतसर दारू शिंपून धरणीमायीला तिचा वाटा दिल्याशिवाय ताता गाडीत एक पोतं चढवू देत नाहीत. म्हणजे चार मार्चपर्यंत गिरणीतल्या आम्ही बायका पोत्यांवर बसून राहायचं.

तू पाठवलेलं कंपनीचं निळं जाकीट अजून किन्वाच्या शेतात बुजगावण्याच्या अंगावर आहे. असं उबदार बुजगावणं पंचक्रोशीत नाही.

तुझी थोरली बहीण,
कासिमिरा


२ फेब्रुवारी

एवारिस्तो,

तुझी चिठ्ठी मिळाली. नऊ वर्षांनी भावाने लिहिलेली पहिली ओळ: "एका चार्जमध्ये किती जाते?" मी बरी आहे, विचारल्याबद्दल आभारी आहे.

उयुनीला जाऊन परत येते आणि वर आत्याला तिच्या मैत्रिणीकडे सोडून येईल इतकी ताकद उरते, असं विकणारा सांगतो. पण सध्या ती अंगणातून फाटकापर्यंत जाते. धर्मबाप मिळाला तर पुढचं.

तोच मोठा घोळ झालाय. धर्मबापाशिवाय गाडीवर दारू शिंपायची कशी? म्हणून मी माणसं सुचवायला घेतली. आधी शाळेचे मास्तर. ताता म्हणाले, "त्याच्या हाताला यश नाही. त्याचा कोंबडासुद्धा उशिरा आरवतो." मग मिठाच्या विटांनी बांधलेल्या हॉटेलचा मालक. तो म्हणे गाडीसोबत फोटो काढून घेईल आणि पेला अर्धा टाकून जाईल. सरपंच तर मेलाच, कारण पाच वर्षांपूर्वी त्याने तातांना पाणी घातलेली चिचा, मक्याची दारू, पाजली होती. सिप्रियानोकाका स्वतःहून म्हणाले, मी होतो. ताता म्हणाले, "तू डिझेलवाला. तुझी नजर लागेल."

मध्येच आत्याने गाडीची पाहणी केली. शिंपडताना थेट इंजिनावर धार पडली पाहिजे, हे तिचं ठाम मत. बॉनेट उघडलं तर आत सुटं चाक आणि जॅक.

"अरे, हिचं काळीज कुठंय?"

"सीटखाली," ताता म्हणाले. "बॅटरी तीच."

"म्हणजे आपण हिच्या काळजावर बसायचं? त्यापेक्षा मी चालत जाईन."

अखेर मी वैतागून विचारलं, "ताता, तुम्हाला माणूस हवाय तरी कसा?" तर म्हणाले, "गाडीत काय आहे ते कळणारा हवा. उगाच चाकं ओली करणारा नको." एवढं बोलून किन्वाच्या शेताकडे बघत बसले. तिथे बघण्यासारखं काय आहे ते तुला ठाऊक आहे. निळं आहे आणि वाऱ्यावर हात हलवतं.

आता खरं लिहिते. पहिल्या पत्रात बोलवत नाही म्हटलं ते खोटं होतं. मी बोलवतेय. गाडीचा धर्मबाप म्हणून ये. ताता तुलाच मनात धरून बसलेत आणि जीव गेला तरी तोंडाने म्हणणार नाहीत. मलाही तू हवा आहेस. नऊ वर्षं मी एकटीने या माणसाची बोलणी खाल्लीत, त्यातली निम्मी तुझ्या वाटणीची होती.

चार मार्च, मंगळवार. रजा टाक.

कासिमिरा


१४ फेब्रुवारी

एवारिस्तो,

"तातांनी स्वतः सांगितलं तर येईन." वा. बापाचं नाक तू अगदी मापाने घेतलंयस, फक्त मिशी राहिली.

तरी तुझा निरोप मी जसाच्या तसा पोचवला. ताता लामाचं सुकवलेलं मटण कुटत होते. कुटायचे थांबले नाहीत.

"मी काय सांगायचं? गाडी त्याच्या बापाने घेतली. सण त्याच्या गावचा. आमंत्रण पाहुण्यांना देतात."

"मग तो यावा असं वाटतं का तुम्हाला?"

"मटणात मीठ कमी आहे," म्हणाले.

मिठाच्या गावात, मिठाच्या गिरणीच्या दारात. मी तो बत्ता काढून घेऊन स्वतः कुटायला लागले, नाहीतर मी दुसरंच काहीतरी कुटलं असतं.

आत्याला मात्र वेगळीच चिंता लागलीय. गाडीचा मालक आणि गाडीचा धर्मबाप एकमेकांचे कोंपाद्रे, म्हणजे मानाचे सोयरे होणार, आणि कोंपाद्रे झाले की जन्मात भांडायचं नाही, भांडले तर पिकावर गारा पडतात. "आता बाप आणि लेक एकमेकांचे कोंपाद्रे कसे होतील? असं कुठे झालंय?" ती सगळ्या गावाला विचारत फिरतेय. गावाला दुसरं काम नाहीच, पाऊस पडून सालारवर, अख्ख्या मिठाच्या मैदानावर, पाणी साचलंय, मीठ काढायचं बंद आहे. निम्मे म्हणतात चालतं, निम्मे म्हणतात गारा पडतील.

तुला एक सांगते, मग तू तुझं ठरव. काल किन्वाच्या शेतात गेले होते. बुजगावणं उघडं आहे. जुनं पोतं तेवढं अंगावर. जाकीट वाऱ्याने गेलं असेल असं मी तातांना म्हटलं, तर म्हणाले, "असेल." आणि इतक्या उन्हात पोंचो गळ्यापर्यंत ओढून घेतला.

कासिमिरा


२३ फेब्रुवारी

एवारिस्तो,

हे कुणाला सांगणार नाही अशी शपथ मी तातांच्या समोर घेतलीय. तू "कुणी" नाहीस, म्हणून लिहितेय.

परवा दुपारी आम्ही बायका गिरणीत होतो. परत आले तर ताता ट्रकच्या पायरीवर डोकं धरून बसलेले. ट्रकमध्ये एक लाल दिवा लागलेला आणि बाकी सगळं ठार. किल्ली फिरवली की काहीच नाही. अंगणात असा वास, की जवळून गेलेली कोंबडीही झिंगली असती.

त्यांनी गाडीला स्पिरिट पाजलं होतं. चार्जिंगचा प्लग लावतात त्या भोकातून.

"अहो पण तिथे का?"

"ती खाते तिथूनच ना? मग प्यायला दुसरं तोंड कुठून आणू?"

मी आधी कोंबड्या हाकलल्या, एवारिस्तो.

मग कोचाबांबाच्या मिस्त्रीला फोन लावला. तातांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि मान खाली घालून सगळं कबूल केलं. मिस्त्री इतक्या मोठ्याने बोलत होता की मला पलीकडून ऐकू येत होतं.

"प्लग लावला होतात का नंतर?"

"नाही. आधी प्यायचं, मग जेवायचं."

"देवाची कृपा. नाहीतर तुम्ही फोनवर नसता. ओलं लागताच गाडीने स्वतःला बंद करून घेतलं, तुमच्यापेक्षा ती शहाणी. आता सांगा, ओतलंत काय? बिअर?"

"बिअर?" ताता ताठ झाले. "आमच्यात बिअर शिंपत नाहीत. बिअर या पोरांचं फॅड. मी उसाचं शुद्ध स्पिरिट ओतलं, माझ्या आज्याने ओतलं असतं तेच."

तिकडे मिस्त्री हसायला लागला. म्हणाला, बिअर असती तर साखरेने आतलं सगळं चिकटून बसलं असतं, नवा भाग मागवावा लागला असता. स्पिरिट उडून जातं. झाकण उघडं ठेवा, उन्हात राहू द्या, अजिबात हात लावू नका. तसं केलं. आज दुपारी लाल दिवा गेला आणि गाडी सुरू झाली. ताता आता अख्ख्या गावाला सांगतायत की बिअर किती वाईट, पण ते त्यांना कसं कळलं हे कुणाला कळत नाही.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. त्या दिवशी पायरीवर आज्याचे लाकडी पेले होते, ती लामा कोरलेली जोडी. एक तातांनी रिकामा केलेला. दुसरा काठोकाठ भरलेला, समोर, जणू कुणीतरी बसलंय.

"दुसरा कुणाचा?" मी विचारलं.

"सराव करत होतो. धर्मबाप कुठे उभा राहील ते बघत होतो."

"मग कुठे उभा राहतो तो?"

त्यांनी बोट दाखवलं. ट्रकच्या डाव्या अंगाला, भिंतीपाशी, जिथे लहानपणी तू सायकल टेकवायचास. मला तिथे रडू आलं आणि मी ते स्पिरिटच्या वासावर ढकललं.

आज सिप्रियानोकाका निघताना ताता बाहेर आले आणि त्यांच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं. कुणासाठी ते बोलले नाहीत. काकांनी विचारलंही नाही. त्या फडक्यात काय आहे ते तुला आत्तापर्यंत दिसलंच असेल. जोडीतला एक पेला या घरातून कधी एकटा बाहेर गेलेला नाही. एकट्याने पिणं आपल्यात नाही, आणि एक पेला गेला की उरलेल्यातून या घरात कुणालाच पिता येत नाही. यापेक्षा जास्त बोलणं तातांकडून निघणार नाही, हेच त्यांचं सांगणं समज.

हो, एक निरोप आहे. "धुवून ठेव म्हणावं. त्याला भांडी घासायचा कंटाळा."

काकांचा ट्रक रविवारी तुमच्याकडून परत निघतो.

कासिमिरा


१२ मार्च

कोंपाद्रे एवारिस्तो,

पोचलास ना? डोकं उतरलं का? परवा फोन केलास (आणि ठेवून दिला नाहीस, हे मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे) तेव्हा म्हणालास, की मंगळवारचं दुपारनंतरचं काही आठवत नाही. मग मीच लिहून पाठवते. काही गोष्टी तू कबूल केल्यायस, त्या तुला ठाऊक असलेल्या बऱ्या.

सकाळचं आठवत असेल. तू काकांच्या ट्रकमधून उतरलास तेव्हा ताता चाक पुसत होते. ते चाक त्यांनी पहाटेपासून पुसून पुसून झिजवत आणलं होतं. आत्याने माझा दंड असा धरला होता की अजून निळा आहे.

"पेला आणलास?"

"आणलाय."

"धुतलास?"

"धुतलाय."

"बघू." आणि त्यांनी खरोखरच तो उन्हाकडे धरून आतून बाहेरून बघितला. तुम्हा दोघांना त्या क्षणी सालारच्या पाण्यात बुडवावंसं मला वाटलं.

मग फुलांच्या पाकळ्या, कागदी फिती, फटाके, चारही चाकांवर धार, ते सगळं झालं. तिथपर्यंत तू शुद्धीत होतास. तातांनी सीट उचलली, बाटली वर केली आणि तू त्यांचं मनगट धरलंस. आत्या पुटपुटली, "आल्या गारा."

"ताता, इथे नाही," तू म्हणालास. "इथे एक थेंबसुद्धा नाही."

"मग हिच्या काळजाचं काय?"

"जमिनीवर ओता. गाडीखाली, काळजाच्या बरोबर खाली. ते आलंय तिथूनच."

ताता गुडघे मोडून खाली बसले, जे ते चर्चमध्येही बसत नाहीत, आणि गाडीखाली धार धरली. अर्धी बाटली आपल्या धरणीमायीला दिली. मग थांबून उरलेली तुझ्या हातात दिली. "ही पलीकडच्या मायीला. पाणी तिचंही गेलंय." तू शेवटचा थेंब निथळेपर्यंत बाटली उलटी धरलीस.

खोडा घातला तो आत्यानेच. पेले भरले गेले, तुम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलात आणि ही मध्ये घुसली. "थांबा. बाप आणि लेक कोंपाद्रे होत नसतात. असं झालेलं नाही."

तेव्हा ताता जे म्हणाले ते तुला आठवत नसेल तर आठव, कारण मी ते मरेपर्यंत विसरणार नाही.

"बापलेक म्हणून नऊ वर्षं करून बघितलं, सेबास्तियाना. जमलं नाही. आता हे करून बघू."

आणि पेला रिकामा केला. मग तुला म्हणाले, "घ्या, कोंपाद्रे." घ्या. तुला. ज्याला त्यांनी आयुष्यभर "ए" शिवाय हाक मारली नाही. तिथून पुढे तू कामातून गेलास.

पुढचं ऐक. तू गाडीला कळपाच्या पुढे चालणाऱ्या लामाची घंटा बांधलीस, म्हणालास, ही मुकी आहे, हिला वाचा देतो. आम्ही सगळ्याजणी पोत्यांवर बसून चौकाला फेरी मारली. आत्या तुझ्या शेजारी, थेट काळजावर बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. तू सरपंचाला मिठी मारून सांगितलंस की त्याची चिचा पाणचट आहे. पुढच्या कार्निव्हललाही येणार आणि त्याच्या पुढच्यालाही, असं तू चौकात उभं राहून कबूल केलंस, साक्षीला अख्खं गाव आहे. मग तातांच्या गळ्यात पडलास, पोंचो सरकला आणि आत ते निळं जाकीट दिसलं. तू त्याच्यावर डोकं ठेवून जो रडलास, की ताता घाबरून सगळ्यांना सांगत होते, "काही नाही, काही नाही, स्पिरिट चढलंय." स्वतःचे डोळे मात्र त्याच जाकिटाच्या बाहीला पुसत होते.

गारा पडल्या नाहीत. किन्वा छान उभा आहे. पोती उयुनीला जायला लागलीत, गिरणीत आता चालायला जागा आहे. घंटा ऐकली की कोंबड्या पळतात, कुत्री भुंकतात, सगळं कसं जिथल्या तिथे आलंय. डिझेलच्या रांगेशेजारून जाताना ताता गाडी मुद्दाम हळू करतात आणि घंटा वाजवतात. मी लाजेने मान खाली घालते, पण पुन्हा वर करून बघतेही.

तुझा पेला इथे आहे. तातांनी दोन्ही शेजारी ठेवलेत आणि मला हात लावू देत नाहीत.

जाकीट धुवायलाही देत नाहीत. आता पोंचोच्या वरून घालतात, नाव लिहिलेली बाजू पुढे. काल संध्याकाळी फाटकाला टेकून शेताकडे बघत होते. उघड्या बुजगावण्याकडे बघून म्हणाले, "पत्र लिहितेयस ना? माझा एक निरोप घाल." मी पेन्सिल घेतली. तर म्हणाले:

"कोंपाद्रेंना लिही. इथे बुजगावण्याला थंडी वाजतेय. एक जाकीट पाठवा म्हणावं. नाहीतर स्वतःच घेऊन या."

कासिमिरा